अल्केनच्या अभिक्रिया: आधी हायड्रोजन मोजा, मग उत्पादिते लिहा

अकरावीच्या वह्या तपासताना एक चूक मला दरवर्षी भेटते. प्रश्न असतो, ‘२-मेथिलब्युटेनची सूर्यप्रकाशात क्लोरीनबरोबर अभिक्रिया केल्यास कोणती मोनोक्लोरो उत्पादिते मिळतील?’ उत्तरात एकच संयुग असतं: २-क्लोरो-२-मेथिलब्युटेन. आणि खाली कारण, ‘मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमाप्रमाणे’. हा नियम अल्कीनच्या, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या, समावेशन अभिक्रियेचा (त्या बंधावर नवे अणू जोडले जाण्याचा). अल्केन म्हणजे फक्त कार्बन, हायड्रोजन आणि एकेरी बंध; त्यात दुहेरी बंधच नसतो, त्यामुळे तो इथे लागूच होत नाही. बरोबर उत्तर चार संयुगांचं आहे, आणि सर्वांत जास्त मिळणारं संयुग वहीत लिहिलेलं नव्हे, दुसरंच आहे.

ही मुलं अभ्यास न करणारी नसतात. पाठांतर पक्कं असतं, चुकतो तो क्रम. अभिक्रियाकारक दिसला की ती थेट उत्पादित लिहायला घेतात. मधली हायड्रोजन ओळखण्याची आणि मोजण्याची पायरी राहून जाते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या दहा उदाहरणांत वेळ लागेल. नंतर हात आपोआप त्याच क्रमाने चालतो.

## तयारी

सामान. कोरी वही, पेन्सिल, खोडरबर. शिवाय रात्रभर भिजवलेले काबुली चणे, थोडे हिरवे वाटाणे आणि टूथपिकची डबी. चणा म्हणजे कार्बन, टूथपिक म्हणजे बंध, वाटाणा म्हणजे क्लोरीन. हे लहान मुलांचं काम समजून टाळू नका. कागदावर दोन रचना वेगळ्या दिसतात आणि प्रत्यक्षात एकच असतात, हे हातात धरून फिरवल्यावर जसं कळतं तसं नुसतं सांगून कळत नाही. चणे फार मऊ होऊ देऊ नका, टूथपिक टोचताना फुटतात.

आकडे. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन संच लिहून ठेवा. एका हायड्रोजनची सापेक्ष क्रियाशीलता, प्राथमिक : द्वितीयक : तृतीयक या क्रमाने (या शब्दांचा अर्थ पायरी ३ मध्ये):

- क्लोरीन, २५ अंश सेल्सिअसला: १ : ३.८ : ५
- ब्रोमीन, १२७ अंश सेल्सिअसला: १ : ८२ : १६००

प्रश्नाची भाषा. चार शब्दांखाली रेघ मारायची सवय लावा: ‘मोनो’ (एकच हायड्रोजन बदललेलं), ‘मुख्य’, ‘त्रिमितीय समघटकांसह’ (जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेली रूपं धरून) आणि ‘जादा प्रमाणात’. यातला एक जरी नजरेतून सुटला तरी उत्तर बदलतं.

## पायरी १: पदार्थ खरंच अल्केन आहे का?

सरळ किंवा शाखा असलेल्या साखळीच्या अल्केनमध्ये हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीपेक्षा दोनने जास्त असते. कार्बन ५ तर हायड्रोजन १२. हायड्रोजन १० निघाले तर रेणूत वलय तरी आहे किंवा दुहेरी बंध तरी. वलय असेल, उदाहरणार्थ सायक्लोहेक्झेन, तर पुढच्या बहुतेक पायऱ्या तशाच चालतात. दुहेरी बंध असेल तर थांबा, तो या लेखाचा विषय नाही.

तपासा: ब्रोमीनचा तांबूस रंग अंधारातही लगेच गेला तर अल्कीनचा संशय घ्या. अल्केन अंधारात, साध्या तापमानाला, ब्रोमीनला दाद देत नाही. आम्ल, अल्कली किंवा थंड विरल पोटॅशियम परमँगनेट यांनाही नाही. ‘अल्केन अधिक सोडियम हायड्रॉक्साइड’ असा प्रश्न आला आणि तुम्ही उत्पादित शोधत बसलात तर फसलात. उत्तर ‘अभिक्रिया होत नाही’ असं आहे.

## पायरी २: बाणावर काय लिहिलंय ते वाचा

एकाच हेक्झेनपासून परिस्थितीनुसार अगदी वेगवेगळे पदार्थ मिळतात. म्हणून बाणाच्या वरचा आणि खालचा मजकूर आधी वाचा.

- हॅलोजन (क्लोरीन, ब्रोमीन वगैरे) आणि प्रकाश किंवा उष्णता: प्रतियोजन, म्हणजे हायड्रोजनच्या जागी हॅलोजन. पायऱ्या ३ ते ७.
- ऑक्सिजन आणि ठिणगी: ज्वलन. पायरी ८.
- उत्प्रेरक, दाब, मोठं तापमान: रेणूची पुनर्रचना किंवा तुटणं. पायरी ९.

सावधान: क्लोरीन दिलंय पण बाणावर ‘अंधार’ लिहिलंय, अशी फसवणूक स्पर्धा परीक्षांत हमखास असते. तापमान साधं असेल तर अभिक्रिया होत नाही.

## पायरी ३: सांगाडा काढा आणि हायड्रोजनचे गट पाडा

बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं, म्हणून ही पायरी सावकाश करा.

३.१ आधी फक्त कार्बनचे ठिपके आणि रेघा काढा. हायड्रोजन अजून लिहू नका. २-मेथिलब्युटेन म्हणजे चार ठिपक्यांची सरळ साखळी आणि दुसऱ्या ठिपक्याला लटकलेला एक ठिपका.

३.२ प्रत्येक ठिपक्याजवळ तो किती कार्बनना जोडला आहे तो आकडा लिहा. १ म्हणजे प्राथमिक, २ म्हणजे द्वितीयक, ३ म्हणजे तृतीयक. वर्गात आपण ज्यांना प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी म्हणतो तेच हे. ४ आला तर तो चतुर्थक.

३.३ ४ मधून तो आकडा वजा करा. उरले तितके हायड्रोजन त्या कार्बनवर. चतुर्थक कार्बनवर शून्य उरतात, म्हणजे तिथे प्रतियोजन होणारच नाही. तरीही त्यावर क्लोरीन बसवून पाच बंधांचा कार्बन काढलेला मी कितीदा पाहिलाय.

३.४ आता एकसारखे हायड्रोजन एका गटात घाला. कसोटी अशी: चण्यांचे दोन सारखे सांगाडे करा. एकात वाटाणा एका जागी लावा, दुसऱ्यात दुसऱ्या जागी. एक सांगाडा फिरवून, उलटा करून, बंधाभोवती वळवून दुसऱ्यावर तंतोतंत बसला तर ते हायड्रोजन एकाच गटातले.

२-मेथिलब्युटेनमध्ये हे करून बघा. साखळीच्या पहिल्या चण्यावर वाटाणा लावा आणि दुसऱ्या सांगाड्यात लटकलेल्या चण्यावर लावा. हातात घेऊन थोडं वळवलं की दोन्ही एक होतात. म्हणजे हे दोन मेथिल गट एकसारखे. पण साखळीच्या दुसऱ्या टोकाच्या चण्यावर वाटाणा लावला तर कितीही फिरवा, जुळत नाही. तीनही मेथिल गट प्राथमिकच, तरी गट दोन. ‘प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक असे तीन प्रकार, म्हणून उत्पादिते तीन’ हा हिशोब नेमका इथे कोसळतो.

हिशोब असा लिहा:

- गट अ: शाखेजवळच्या दोन मेथिलचे ६ प्राथमिक हायड्रोजन
- गट आ: १ तृतीयक हायड्रोजन
- गट इ: २ द्वितीयक हायड्रोजन
- गट ई: दूरच्या मेथिलचे ३ प्राथमिक हायड्रोजन

तपासा: ६ + १ + २ + ३ = १२. सूत्रातही १२ आहेत. ही बेरीज जुळत नाही तोवर पुढे जाऊ नका.

## पायरी ४: उत्पादिते लिहा आणि नावं द्या

जितके गट तितकी मोनोक्लोरो उत्पादिते. प्रत्येक गटातला एकच हायड्रोजन काढा आणि त्याच जागी क्लोरीन लिहा. वरच्या क्रमाने नावं: १-क्लोरो-२-मेथिलब्युटेन, २-क्लोरो-२-मेथिलब्युटेन, २-क्लोरो-३-मेथिलब्युटेन, १-क्लोरो-३-मेथिलब्युटेन.

नाव देताना साखळीचे क्रमांक नव्याने टाका. मूळ अल्केनचे क्रमांक तसेच ओढून आणले की एकाच संयुगाला दोन नावं पडतात आणि यादीत एक उत्पादित फुकटचं वाढतं. दोन्ही बाजूंनी क्रमांक सारखेच येत असतील तर वर्णानुक्रमात आधी येणाऱ्या गटाला लहान क्रमांक द्या. तिसऱ्या नावात क्लोरोला २ आणि मेथिलला ३ मिळालाय तो म्हणून.

प्रश्नात त्रिमितीय समघटकही विचारले असतील तर आणखी एक फेरी करा. प्रत्येक उत्पादितात चार वेगवेगळे गट जोडलेला कार्बन शोधा. १-क्लोरो-२-मेथिलब्युटेनमध्ये दुसरा कार्बन तसा आहे, २-क्लोरो-३-मेथिलब्युटेनमध्येही दुसराच. या दोघांची प्रत्येकी दोन रूपं धरली की एकूण ४ ऐवजी ६ होतात. साध्या ब्युटेनचे २ ऐवजी ३ होतात, कारण २-क्लोरोब्युटेन.

सरावासाठी ठोकताळे: मिथेन, इथेन आणि निओपेंटेन यांचं मोनोक्लोरो उत्पादित एकच. प्रोपेन, ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांची दोन. सरळ साखळीच्या पेंटेनची तीन.

## पायरी ५: कोणतं किती? गुणाकार करा

एका मुलीने विचारलं होतं, “मॅडम, तृतीयक मूलक सगळ्यात स्थिर ना? मग तेच उत्पादित जास्त का नाही?” मूलक म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा; तो अभिक्रियेत मध्येच तयार होतो (पायरी ६). प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असं की क्रियाशीलता एका हायड्रोजनची असते, आणि रेणूत सगळ्या प्रकारचे हायड्रोजन सारख्या संख्येने नसतात. म्हणून दर गटासाठी हायड्रोजनची संख्या × सापेक्ष क्रियाशीलता काढायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि प्रत्येकाला त्या बेरजेने भागायचं.

२-मेथिलब्युटेन आणि क्लोरीन:

- गट अ: ६ × १ = ६
- गट आ: १ × ५ = ५
- गट इ: २ × ३.८ = ७.६
- गट ई: ३ × १ = ३
- बेरीज: २१.६

टक्केवारी अनुक्रमे सुमारे २८, २३, ३५ आणि १४. म्हणजे सर्वांत जास्त मिळतं २-क्लोरो-३-मेथिलब्युटेन. तृतीयक उत्पादित तिसऱ्या क्रमांकावर आहे.

आता ब्रोमीन घ्या. ६, १६००, १६४ आणि ३, बेरीज १७७३. एकटं २-ब्रोमो-२-मेथिलब्युटेन सुमारे ९० टक्के. अल्केन तेच, पद्धत तीच, फक्त हॅलोजन बदलल्यावर उत्तर पार उलटलं. ब्रोमीन निवडक आहे, क्लोरीन तितकं नाही.

आयसोब्युटेनवर हे आणखी ठळक दिसतं. क्लोरीनला ९ प्राथमिक हायड्रोजनचे ९ आणि एका तृतीयकाचे ५, म्हणजे ६४ आणि ३६ टक्के. ब्रोमीनला ९ विरुद्ध १६००, म्हणजे तृतीयक उत्पादित ९९ टक्क्यांच्या वर. प्रोपेनला क्लोरीन ४४ आणि ५६ देतं, ब्रोमीन साधारण ३ आणि ९७.

सावधान: क्लोरीनचे आकडे ब्रोमीनला लावू नका. तापमान वाढलं की गुणोत्तरं १ च्या जवळ सरकतात. प्रश्नात वेगळे आकडे दिले असतील तर तेच वापरा, वहीतले नव्हेत.

## पायरी ६: यंत्रणा लिहा

मिथेन आणि क्लोरीन घेऊ. तीन टप्पे, याच क्रमाने.

सुरुवात. क्लोरीनचा रेणू प्रकाशाने तुटतो. बंधातले दोन इलेक्ट्रॉन दोघांत एकेक वाटले जातात आणि दोन क्लोरीन मूलकं तयार होतात. आधी क्लोरीनच का तुटतं? क्लोरीन-क्लोरीन बंध तोडायला मोलमागे सुमारे २४३ किलोज्यूल लागतात, मिथेनचा कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४३९.

प्रसार. क्लोरीन मूलक मिथेनमधला हायड्रोजन ओढून घेतं, हायड्रोजन क्लोराइड आणि मेथिल मूलक तयार होतं. मेथिल मूलक क्लोरीनच्या दुसऱ्या रेणूवर जातं, क्लोरोमिथेन आणि नवं क्लोरीन मूलक मिळतं. हे मूलक पुन्हा पहिल्या कामाला लागतं. एका सुरुवातीतून अशा हजारो फेऱ्या होतात.

समाप्ती. दोन मूलकं एकमेकांना भेटली की साखळी तुटते: क्लोरीन-क्लोरीन, मेथिल-क्लोरीन किंवा मेथिल-मेथिल. शेवटच्या जोडीतून इथेन तयार होतं. मिथेनच्या क्लोरीनीकरणात थोडं इथेन सापडतं, ते मेथिल मूलक खरंच बनत असल्याची खूण आहे.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, प्रसारात ‘हायड्रोजन मूलक’ लिहिणं. क्लोरीन मूलक थेट कार्बनला चिकटून हायड्रोजन बाहेर पडतो असं दाखवलं तर हिशोब करून बघा. तोडायला ४३९, क्लोरोमिथेनचा कार्बन-क्लोरीन बंध जोडून मिळतात सुमारे ३५०, म्हणजे ८९ किलोज्यूलचा तोटा. हायड्रोजन ओढून घेतला तर ४३९ वजा ४३१, फक्त ८ चा तोटा. पुढच्याच घटनेत १०७ चा फायदा होतो, म्हणून साखळी चालते.

दुसरी चूक बाणाची. इथे एकेक इलेक्ट्रॉन हलतो, म्हणून टोकाला एकच पाकळी असलेला अर्धा बाण काढा. पूर्ण टोकाचा बाण इलेक्ट्रॉनची जोडी दाखवतो.

तपासा: प्रसाराच्या दोन्ही समीकरणांची बेरीज करा. मूलकं दोन्ही बाजूंनी कटून मूळ अभिक्रिया उरली पाहिजे. प्रसाराच्या प्रत्येक समीकरणात डावीकडे एक मूलक, उजवीकडेही एक. मिश्रणात ऑक्सिजन असेल तर तो मेथिल मूलकाला जोडून मंद मूलक बनवतो आणि तो संपेपर्यंत अभिक्रिया रखडते, हेही लक्षात असू द्या.

हॅलोजनच्या क्रियाशीलतेचा उतरता क्रम याच हिशोबातून निघतो: फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. फ्लोरीनची अभिक्रिया आवरत नाही. आयोडीनमध्ये पहिल्याच प्रसारात सुमारे १४१ किलोज्यूल कमी पडतात. शिवाय अभिक्रिया उलटीही होते, म्हणून तयार होणारं हायड्रोजन आयोडाइड संपवायला आयोडिक आम्ल किंवा नायट्रिक आम्लासारखा ऑक्सिडीकारक घालावा लागतो.

## पायरी ७: ‘मोनो’वर थांबायचं की पुढे?

क्लोरोमिथेनमध्येही हायड्रोजन उरलेले असतात, क्लोरीन तिथेही हल्ला करतं. मग डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म आणि शेवटी कार्बन टेट्राक्लोराइड. हे मिश्रण ऊर्ध्वपातनाने वेगळं होतं, कारण उत्कलनबिंदू दूर आहेत: क्लोरोमिथेनपासून अनुक्रमे उणे २४, ४०, ६१ आणि ७७ अंश सेल्सिअस. प्रश्नात ‘मिथेन जादा प्रमाणात’ असेल तर मुख्य उत्पादित क्लोरोमिथेन. ‘क्लोरीन जादा’ असेल तर कार्बन टेट्राक्लोराइडकडे चला.

## पायरी ८: ज्वलन

समीकरण संतुलित करताना क्रम ठरलेला: कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन सर्वांत शेवटी. प्रोपेनमध्ये कार्बन ३, म्हणून कार्बन डायऑक्साइड ३. हायड्रोजन ८, म्हणून पाणी ४. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू ६ + ४ = १०, म्हणून ऑक्सिजनचे रेणू ५. ब्युटेनला साडेसहा येतात. मग सगळं समीकरण दुप्पट करा: २ ब्युटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. मुलं नुसत्या ऑक्सिजनची दुप्पट करून मोकळी होतात.

आकारमानाच्या गणितात पाण्याकडे लक्ष ठेवा. १० मिली प्रोपेन आणि ८० मिली ऑक्सिजन पेटवून मिश्रण खोलीच्या तापमानाला आणलं, किती वायू उरेल? ऑक्सिजन ५० मिली खर्ची पडला, ३० उरला. कार्बन डायऑक्साइड ३० मिली. पाणी द्रव झालं, ते धरायचं नाही. उत्तर ६० मिली.

ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी. घरच्या गॅस सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. निळी ज्योत म्हणजे हवा पुरेशी मिळतेय. दूध उतू जाऊन बर्नर तुंबला, हवेची वाट अडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचं बूड काळं पडतं. हे काळं म्हणजे अर्धवट जळलेल्या अल्केनचा कार्बन. अशी ज्योत दिसली तर बर्नर साफ करून घ्या आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## पायरी ९: उत्प्रेरक आणि मोठं तापमान

इथे पाठांतर लागतंच, पण प्रत्येक ठिकाणी अणू मोजा.

- हेक्झेन, निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड आणि हायड्रोजन क्लोराइड: २-मेथिलपेंटेन आणि ३-मेथिलपेंटेन. सूत्र बदलत नाही.
- हेक्झेन, क्रोमियम, व्हॅनेडियम किंवा मॉलिब्डेनम ऑक्साइड, ७७३ केल्विन, १० ते २० वातावरण दाब: बेंझीन. हायड्रोजन १४ वरून ६ वर आले, म्हणून सोबत हायड्रोजनचे ४ रेणू लिहायलाच हवेत. हेप्टेनपासून याच मार्गाने टोल्युईन.
- मिथेन आणि वाफ, निकेल, १२७३ केल्विन: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे ३ रेणू.
- नुसती उष्णता, म्हणजे भंजन: हेक्झेनपासून ब्युटीन आणि इथेन, किंवा हेक्झीन आणि हायड्रोजन, अशी अनेक उत्पादिते. दोन्ही तुकडे अल्केन लिहिले तर हायड्रोजन दोनने जास्त होतात, एक तुकडा अल्कीनच हवा.
- पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिडीकरण: तृतीयक हायड्रोजन असेल तरच. आयसोब्युटेनपासून २-मेथिलप्रोपेन-२-ऑल मिळतं, सरळ ब्युटेनला काही होत नाही.

## सरावाला एक उदाहरण

२,२-डायमेथिलब्युटेन. पुढचं वाचण्याआधी सांगाडा काढून पायऱ्या ३ ते ५ स्वतः करा.

चतुर्थक कार्बनवर हायड्रोजन नाही आणि रेणूत तृतीयक कार्बनही नाही, म्हणून ५ आणि १६०० हे आकडे इथे लागतच नाहीत. गट तीन: ९ प्राथमिक, २ द्वितीयक, ३ प्राथमिक, बेरीज १४. क्लोरीनला ९, ७.६ आणि ३, म्हणजे १-क्लोरो-२,२-डायमेथिलब्युटेन सुमारे ४६ टक्के, ३-क्लोरो-२,२-डायमेथिलब्युटेन ३९ आणि १-क्लोरो-३,३-डायमेथिलब्युटेन १५. त्रिमितीय समघटक धरले तर एकूण चार, कारण मधल्या संयुगात क्लोरीनवाल्या कार्बनला चार वेगळे गट आहेत. ब्रोमीनला ९, १६४ आणि ३, म्हणजे ३-ब्रोमो-२,२-डायमेथिलब्युटेन सुमारे ९३ टक्के. तुमचे गट चार आले असतील तर चतुर्थक कार्बनवरचे तीन मेथिल चणे पुन्हा हातात घेऊन फिरवून बघा.